तुटक रेघ

एटापल्ली तालुका, जि. गडचिरोली, मार्च

दोन खडकांमधली सीमा डोळ्यांनी पाहिली असेल तर भूवैज्ञानिक नकाशावर सलग रेघ, अंदाजाने काढली असेल तर तुटक. आज संध्याकाळी शीटवर शाई फिरवताना दिसलं की सुरजागड रांगेच्या या बाजूला माझ्या बहुतेक रेघा तुटकच आहेत. त्या तशाच ठेवणार आहे.

इथे खडक सहजी दिसतच नाही. देशावर बसाल्टचे थर कड्यावर एकावर एक मोजता येतात, घाटात गाडी थांबवली तरी निम्मं काम होतं. तो खडक साडेसहा कोटी वर्षांचा. इथला अडीच अब्ज वर्षांहून जुना, दाबाने आणि उष्णतेने पार पिळवटलेला. त्यावर माती, मातीवर पानगळ आणि बांबू. लोहखनिजाचे पट्टे टणक, म्हणून ते डोंगर होऊन उभे राहिले. नाइस हा इथला दुसरा, रूपांतरित खडक मात्र झिजून सखल भागात गडप झाला. आणि नेमकी दोघांची गाठ जिथे पडते, तिथेच वरून घरंगळलेल्या दगडांचा खच.

म्हणून नाले धरायचे. आजचा नाला बरोबरच्या माडिया दादांनी दाखवला. टोपोशीटवर, म्हणजे डोंगर-नाले दाखवणाऱ्या मूळ नकाशावर, तो जेमतेम केसाएवढा आहे. वळणावर पाण्याने धुऊन काढलेला खडक मिळाला: बोटभर रुंदीचे पट्टे, एक काळा, एक तांबूस, पुन्हा काळा. भिंगाखाली काळ्या पट्ट्यात बारीक चमकदार कण. ब्रंटन, म्हणजे आमचं होकायंत्र, जवळ नेलं तर सुई भलतीकडेच वळली. मॅग्नेटाइट, चुंबकी लोहखनिज! अशा ठिकाणी होकायंत्रावर भिस्त ठेवता येत नाही. पट्ट्याच्या दोन टोकांना जाऊन जीपीएसवर बिंदू घेतले आणि त्यावरून स्ट्राइक, म्हणजे थर कुठल्या दिशेने धावतो ते, काढला. डिप, म्हणजे थराचा उतार, तेवढा क्लिनोमीटर या कोनमापकावर मिळाला, त्याला चुंबकाशी देणंघेणं नाही.

परतताना गावाबाहेर माडियांनी आपल्या मृतांसाठी उभे केलेले दगड लागले. हातोडा पिशवीत घातला. ते दगड माणसांनी आणून रोवलेले, म्हणजे नकाशाच्या दृष्टीने जागेवरचा खडक नव्हेच. पण तसे नसते तरी त्यांना हात लावला नसता.

आमची शीट १:५०,०००ची. पेनाची अर्धा मिलिमीटर रेघ जमिनीवर पंचवीस मीटर व्यापते. तेवढ्यात कुणाचं शेत येतं, कुणाचं देवस्थान येतं. हा नकाशा उद्या जी माणसं टेबलावर पसरतील, त्यांतली बहुतेक इथे कधी येणार नाहीत. खनिज कुठवर आहे, हे ती माझ्या रेघेवरून ठरवतील. रेघ सलग दिसली की कुणी पुन्हा विचारत नाही. तुटक असली तर निदान एखादा तरी म्हणेल, इथे आधी जाऊन बघा. हे काम मला फार मोलाचं वाटतं ते याचसाठी.

दादा म्हणतात, ईशान्येला आणखी एक नाला आहे, उन्हाळ्यात पार तळापर्यंत उघडा पडतो. उद्या सकाळी लवकर तिकडे निघायचं. तिथे गाठ उघडी मिळाली, तर निदान एका ठिकाणी तरी रेघ सलग करता येईल.