तुम्ही विचारलंत म्हणून: हल्ली कुठे फिरत नाहीस का?

मावशी विचारते, कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात, व्हिडिओ कॉलवर मागून डोकावणारे काकासुद्धा विचारतात. "जपानमध्ये राहून सुट्टीच्या दिवशी घरात बसतेस? आधी किती फोटो टाकायचीस!" मी दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेली आहे. थंडी आहे, ऑफिसात रिलीज आहे, अंग दुखतंय. यातलं काहीच खोटं नव्हतं, पण ज्यासाठी तुम्ही विचारता ते कारण मी कधी सांगितलं नाही.

पहिली दोन वर्षं मी खूप फिरले, आणि त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही. इथल्या कायद्याप्रमाणे नोकरीला सहा महिने झाले की 10 दिवसांची भरपगारी रजा मिळते. आजारपणाची वेगळी रजा कायद्यात नाही, म्हणून त्यातलेच चार-पाच दिवस तापासाठी राखून ठेवायचे. भारतात यायचं तर उरलेले तिकडे जातात. मग हाताशी राहतात शनिवार-रविवार आणि वर्षाच्या 16 सरकारी सुट्ट्या, ज्या दिवशी अख्खा देश घराबाहेर पडलेला असतो. अशा वेळी माणूस यादी करणार नाही तर काय करेल? कामाकुराचा ब्राँझचा बुद्ध आतून पोकळ आहे, मी त्याच्या पोटात शिरून आले. सेंतोच्या, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाच्या, दारातून दोनदा परत फिरले आणि तिसऱ्यांदा आत जाऊन अनोळखी बायकांमध्ये कपडे उतरवून गरम पाण्यात बसले. घरी असताना हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. ती मुलगी मला अजूनही आवडते. तिला कुणी हावरट म्हटलं तर मी भांडेन.

2023 च्या मार्चमध्ये आई आली, तीन आठवड्यांसाठी. मी चार दिवस रजा काढली आणि त्या चार दिवसांचे तास मोजून कार्यक्रम आखला. तिसरा दिवस एनोशिमाचा. हे समुद्रातलं छोटं बेट, टोकियोतल्या शिंजुकूहून ओदाक्यू रेल्वे लाइनने गेलं की शेवटच्या स्टेशनवरून चालत जाता येतं. मुद्दाम ते निवडलं होतं, कारण तिथे बेन्झाइतेन आहे. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेली. आईला हे सांगितल्यापासून ती रोज विचारत होती, "सरस्वती कधी?"

आईचे गुडघे दुखतात, हे मला माहीत होतं. सगळा अभ्यास करूनच गेले होते मी. बेटावर चढायला 'एस्कार' नावाचा सरकता जिना आहे, 1959 सालचा. त्याचं तिकीट काढलं की पायऱ्या फारशा चढाव्या लागत नाहीत. फक्त तो वर जातो, खाली येत नाही. हेही मी वाचलं होतं. उतरायला काय, उतारच आहे, असं मला वाटलं. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं हे मला पस्तिसाव्या वर्षी माहीत नव्हतं. आईला कधीतरी विचारलं असतं तर कळलं असतं.

सरस्वती पहिल्याच टप्प्यावर, एका अष्टकोनी मंडपात आहे. तिथे तिच्या दोन मूर्ती आहेत, एक आठ हातांची आणि दुसरी बिवा नावाचं जपानी तंतुवाद्य वाजवणारी. ही दुसरी गोरीपान आहे आणि तिच्या अंगावर वस्त्र नाही. आई क्षणभर गोंधळली. मग तिने हात जोडले, डोळे मिटून श्लोक म्हटला आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "वीणाच आहे गं, थोडी आखूड." चेहरा असा फुलला होता की तिथूनच परत फिरले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. सकाळचे अकरा वाजले होते. मला वाटलं, अजून अख्खा दिवस आहे.

जिन्याच्या उरलेल्या टप्प्यांनी आम्ही माथ्यावर गेलो. बेटाच्या पलीकडच्या टोकाला, समुद्राच्या पातळीवर, इवाया गुहा आहेत. तिथे जायला भरपूर पायऱ्या उतरायच्या आणि परत तेवढ्याच चढायच्या. आई बाकावर बसली, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला नाही जमायचं आता." आणि मी तिला बोलले. काय बोलले ते शब्दाला शब्द आठवतंय. "निघताना दहा वेळा विचारलं ना मी, चालवेल का म्हणून? हो म्हणालीस. आता ही रजा मला परत मिळणार आहे का?"

आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नव्हतं, म्हणून आवाज खाली ठेवायचीसुद्धा गरज वाटली नाही मला.

आई म्हणाली, "तू ये बघून. मी बसते इथे." आणि मी गेले. "इथून हलू नकोस," असं बजावून गेले. खरंच गेले, हेच मला सांगायचं होतं. तुम्ही म्हणाल तीच म्हणाली ना जा म्हणून. म्हणाली. पण कुठल्या सुरात, ते मला तेव्हाही कळलं होतं.

गुहा सुंदर आहेत. आत शिरताना हातात छोटी मेणबत्ती देतात. बाहेर खडकांचा सपाट कट्टा आहे, 1923 च्या भूकंपात समुद्रातून वर उचलला गेलेला. तिथे लोक गळ टाकून बसले होते. मीही बसले. राग ओसरला, वारा छान होता, फोटो काढले. वर आले तेव्हा दीड तास झाला होता.

आई त्याच बाकावर, त्याच जागी होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मला बघून हसली आणि म्हणाली, "झाल्या बघून? छान आहेत?" मग हळूच विचारलं, "इथे बाथरूम कुठे असेल गं?" मी गेले तेव्हापासून तिला जायचं होतं. स्वच्छतागृह पन्नास पावलांवर होतं, पाटीवर बाईचं चित्रही होतं. ती उठली नाही, कारण मी हलू नकोस म्हणाले होते आणि ती हलली असती तर मी तिला कुठे शोधणार? तिच्या फोनला इथलं सिम नव्हतं. पॉकेट वायफाय माझ्या पिशवीत होतं. बाटलीतलं पाणी तिने जपून जपून प्यायलं होतं, म्हणजे जायची वेळ लवकर येऊ नये.

उतरताना ती कठडा धरून, आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आली. मी पिशवी घेतली, हात दिला. आम्ही एकमेकींशी नीट बोललो. गाडीत तिने माझे गुहांचे फोटो एक-एक करून पाहिले. चौथ्या दिवसाचा कार्यक्रम मी रद्द केला, आणि ती म्हणाली, "अगं, माझ्यामुळे कशाला?"

तर तेव्हापासून यादी केली की मला तो बाक दिसतो. म्हणजे दर सुट्टीला मी घरातच रडत बसते असं समजू नका. मागच्या महिन्यात शेजारच्या पेठेतल्या सेंतोत गेले, एकदा नदीकाठाने सायकल घेऊन उगाच लांबपर्यंत गेले. फक्त 'आज हे झालंच पाहिजे' असं कुठेही गेले नाही. फोटो काढले नाहीत, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

यावर जुनी मी मला रोज ऐकवते. म्हणते, एका दुपारसाठी एवढी शिक्षा? आई तर केव्हाच विसरली. इथे राहायचा परवाना संपला की परत जाशील, मग या देशात काय पाहिलंस विचारलं तर नदीकाठ सांगशील का? तिचं म्हणणं खोटं नाही. मी तिला म्हणते, रजा मोजता मोजता तू आईचे तासही मोजायला लागलीस. ती म्हणते, कमी होत्या म्हणूनच मोजल्या ना? इथे आमचं दोघींचं अडतं, आणि दोन वर्षं अडलेलंच आहे. चांगलं नियोजन आणि निष्ठुरपणा यांच्यात रेघ कुठे मारायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कधीकधी वाटतं, मी फक्त आळशी झाले आहे आणि आईचं नाव पुढे करते आहे.

आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला एनोशिमाचीच गोष्ट सांगते. सरस्वती सांगते, आणि मग घार. तिच्या बाकासमोर शाळेतली मुलं खात उभी होती. वरून एक घार सपकन आली आणि एका मुलाच्या हातातला पाव घेऊन गेली. मुलाला काही लागलं नाही, पण तो रिकाम्या हाताकडे नुसता बघत राहिला. मग तो हसला, सगळी मुलं हसली, आई हसली, आणि त्या मुलाने आईकडे बघून मान लववली. तिथे घारी असं करतात, सावध राहा म्हणून पाट्या लावलेल्या आहेत. मी त्या बेटावर चार वेळा गेले आहे. मला एकदाही असं काही दिसलं नाही.

मावशी म्हणते, बघ, तिला किती मजा आली. असेलही. ती हे खरोखर आठवून सांगते, की मला त्या दुपारीतून सोडवायला सांगते, हे मी तिला विचारलेलं नाही. पुढच्या वसंतात ती परत येईल का, हेही.