काटा ३००० वर आहे, पण बाटल्यांत तेल किती?

बीओपी म्हणजे तेलविहिरीच्या तोंडावरची, विहीर उसळली तर ती बंद करणारी यंत्रणा. ती मिटवायला लागणारं हायड्रॉलिक तेल कूमी युनिटच्या बाटल्यांत दाबाखाली साठवलेलं असतं. या युनिटचा काटा ३००० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) दिसला की सगळे निर्धास्त होतात. पण तो काटा दाब सांगतो, साठा नाही. विहीर उसळली आणि त्याच वेळी रिगची वीज गेली, तर रॅम (विहिरीचं तोंड बंद करणारे बीओपीचे पोलादी ठोकळे) मिटतात ते बाटल्यांत आधीच साठवलेल्या तेलावर.

प्रत्येक पोलादी बाटलीत एक रबरी ब्लॅडर (फुगा) असतो आणि त्यात नायट्रोजन. ११ गॅलनच्या बाटलीत ब्लॅडरची जागा वजा जाता १० गॅलन उरतात. तेल नसताना नायट्रोजन १००० पीएसआयपर्यंत भरतात, हाच प्रीचार्ज. मग पंप तेल ढकलून दाब ३००० वर नेतो. दाब तिप्पट, म्हणून वायू ३.३ गॅलनात दबतो आणि ६.७ गॅलन तेल आत बसतं. वापरताना दाब १२०० च्या खाली जाऊ द्यायचा नसतो. तिथे वायू ८.३ गॅलन झालेला असतो आणि १.७ गॅलन तेल आतच राहतं. म्हणजे एका बाटलीमागे कामाला येतं ५ गॅलन.

१३ ५/८ इंची स्टॅकचा (एकावर एक रचलेल्या बीओपींचा) ॲन्युलर, म्हणजे पाइपभोवती आवळणारं रबरी कडं, मिटायला सुमारे १८ गॅलन लागतात, तीन रॅमना मिळून साधारण १७. त्यावर निम्मं जादा धरलं तर ५३ गॅलन, म्हणजे ११ बाटल्या.

आता यातल्या चार बाटल्यांचे ब्लॅडर फुटले आहेत असं समजा. पंप चालला की काटा तरीही ३००० वर जातो, उलट नेहमीपेक्षा लवकर जातो, कारण तेलाला दबणारा वायूच कमी आहे. पण वायू नसलेल्या बाटलीतलं तेल बाहेर ढकलणार कोण? थोडं तेल गेलं की तिचा जोर संपतो. प्रीचार्ज कमी असेल तर तेल ब्लॅडरला वर चेपतं आणि तो गॅस व्हॉल्व्हपाशी फाटतो. जास्त असेल तर तेलाला जागा कमी पडते, शिवाय ब्लॅडर खालच्या व्हॉल्व्हवर आपटून कापला जातो.

प्रीचार्ज मोजायचा तर आधी पंप बंद करून सगळं तेल टाकीत सोडा, दाब शून्यावर आणा आणि मगच गॅस व्हॉल्व्हवर गेज लावा. तेल आत असताना गेज तेलाचाच दाब दाखवतो. तेल सोडताना काट्यावर नजर ठेवा: तो सावकाश उतरत येतो आणि प्रीचार्जपाशी एकदम शून्यावर पडतो. ७०० ला पडला, तर बाटल्या एकेक करून तपासायला घ्या.

भरायचा तो फक्त नायट्रोजन. ऑक्सिजन किंवा हवा कधीही नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. तापमानही लिहून ठेवा, २० अंशांना भरलेले १००० पीएसआय ४५ अंशांना १०८५ च्या आसपास दिसतात.

मुंबई हायच्या जॅक-अप रिगवर (समुद्रतळावर पाय रोवून उभ्या रिगवर) बाटल्या पाण्याच्या वरच असतात, म्हणून हा हिशेब चालतो. दीड हजार मीटर पाण्याखालच्या स्टॅकवर समुद्राचाच दाब २२०० पीएसआय असतो. तिथल्या बाटल्यांचा प्रीचार्ज त्या मानाने वाढवावा लागतो.

आणि काम झाल्यावर प्रत्येक बँकेचा, म्हणजे बाटल्यांच्या गटाचा, आयसोलेशन व्हॉल्व्ह (तो गट बाकी यंत्रणेपासून तोडणारा) उघडलाय हे हाताने फिरवून बघा. तो बंद राहिला तरी काटा ३००० च दाखवतो.