नियम अडतो तिथं पुस्तक काय करतं?

सोमवार, रात्री

लेकीचं सहावीच्या पातळीचं काम संपत आलं. पुढच्या वर्षाचं गणित, विज्ञान, इतिहास जवळपास ठरलंय. अडलंय ते मराठी व्याकरणापाशी. घरी शिकवायला लागल्यापासून व्याकरण आम्ही वाचनाच्या ओघात करत आलो. नाम, सर्वनाम, विशेषण, लिंग, वचन, काळ हे तिला येतं. पण आता ती बारा वर्षांची आहे, प्रत्येक नियमाला 'असं का?' विचारते. व्याकरण सलग शिकायचं वय हेच, असं मला मनापासून वाटतं. आधी शिकवलं तर त्याचं पाठांतर होतं, आणि नववी-दहावीपर्यंत थांबलं तर परीक्षेची घाई मानगुटीवर बसते.

टेबलावर तीन पर्याय आहेत. पहिली स्वाध्यायपुस्तिका: रोज एक पान, रिकाम्या जागा, जोड्या लावा आणि मागच्या पानांची उजळणी. दुसरं वर्णविचारापासून वृत्त-अलंकारांपर्यंत सगळं सांगणारं सलग पुस्तक. तिसरं उताऱ्यांवरून शिकवणारं, म्हणजे आधी उतारा, मग त्यातली वाक्यं, मग नियम.

अनुक्रमणिका चाळून काही कळेना. तिन्हींत विभक्ती आहे, प्रयोग आहे, समास आहे. मग ठरवलं, मराठी व्याकरणात जिथं मुलं हमखास अडतात अशा दोन-तीन जागा काढायच्या आणि तिथं प्रत्येक पुस्तक काय करतं ते बघायचं. सोपी प्रकरणं सगळेच बरी लिहितात.

मंगळवार

पहिली जागा विभक्ती.

सलग पुस्तकात नेहमीचा तक्ता आहे, प्रथमेपासून संबोधनापर्यंत. द्वितीयेसमोर स, ला, ते. चतुर्थीसमोरही स, ला, ते. लेकीनं तक्त्यावरून बोट फिरवलं आणि ते चतुर्थीवर थांबलं. "आई, दोन्हीकडे तेच प्रत्यय आहेत. मग 'मुलाला' म्हटल्यावर ही द्वितीया की चतुर्थी, ओळखायचं कसं?" याचं उत्तर त्या पानावर नाही, पुढच्या पानावरही नाही. लगेच सराव सुरू होतो: अधोरेखित शब्दांची विभक्ती ओळखा.

स्वाध्यायपुस्तिकेत उदाहरणंच अशी निवडलीत की हा प्रश्न उभाच राहत नाही.

तिसऱ्या पुस्तकानं दोन वाक्यं शेजारी ठेवलीत. 'आजीने मुलाला उचलले.' 'आजीने मुलाला पुस्तक दिले.' आणि विचारलंय, पहिल्या वाक्यात उचलण्याची क्रिया कोणावर घडली? दुसऱ्यात देण्याची क्रिया कोणावर घडली, आणि पुस्तक कोणाला मिळालं? लेक म्हणाली, "दिलं गेलं ते पुस्तक. मुलाला फक्त मिळालं." बास. कर्म आणि संप्रदान ही नावं त्यानंतर आली, तेव्हा ती ओळखीच्या गोष्टीला मिळालेली नावं होती.

मग मी तिला सांगितलं की आठ विभक्त्यांची ही मांडणी आपल्याकडे संस्कृतातून आली. तिथं 'रामम्' वेगळं आणि 'रामाय' वेगळं, त्यामुळे बहुतेक वेळा रूप पाहूनच विभक्ती कळते. मराठीत दोघांचं काम 'रामाला' या एकाच रूपावर भागतं, म्हणून अर्थाकडे वळावं लागतं. तक्ता असा का दिसतो हे कळल्यावर तिला तो पाठ करायला फारसा वेळ लागला नाही.

बुधवार

आज प्रयोग. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. मराठी क्रियापद कोणाच्या तालावर चालतं, याचा तो तपास आहे.

सुरुवात तिन्ही पुस्तकं नीट करतात. 'मुलगा पत्र लिहितो, मुलगी पत्र लिहिते', कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, म्हणून कर्तरी. 'मुलाने पत्र लिहिले, मुलीने पत्र लिहिले', इथं कर्ता बदलून काही होत नाही. पण 'मुलाने कविता लिहिली' म्हटलं की रूप बदलतं, म्हणून कर्मणी. यावरून मुलं आपसूक एक सोपी खूण धरतात: भूतकाळ, सकर्मक क्रियापद, कर्त्याला 'ने', म्हणजे कर्मणी.

आता 'दादाने वही आणली' आणि 'दादा वही विसरला' ही दोन वाक्यं घ्या. दोन्हींत भूतकाळ, दोन्हींत वही हे कर्म. पण पहिलं क्रियापद वहीप्रमाणे चालतं आणि दुसरं दादाप्रमाणे. विसरणे, शिकणे, पिणे, बोलणे ही क्रियापदं भूतकाळातही कर्त्याला सोडत नाहीत. 'तो पाणी प्याला', 'ती गणित शिकली', 'तो खोटं बोलला'. मराठी घरातलं चार वर्षांचं मूलही हे बिनचूक बोलतं.

स्वाध्यायपुस्तिकेत यातलं एकही क्रियापद नाही. सलग पुस्तकात ती 'अपवाद' म्हणून एका ओळीत आहेत, लक्षात ठेवा म्हणून. तिसऱ्या पुस्तकात नियमाच्या पानावर ती नाहीत, पण एक काम दिलंय: दिवसभरात घरात बोलली गेलेली भूतकाळातली वाक्यं टिपा आणि क्रियापद कोणाचं ऐकतं ते पाहून दोन रकाने करा. लेक वही घेऊन घरभर आमच्या मागे फिरली. 'विसरला' तिनं कर्मणीच्या रकान्यात घातलं, खोडलं, दुसरीकडे लिहिलं. थोड्या वेळानं आणखी एक शंका घेऊन आली. "'मी वही आणली' यात 'मी'ला 'ने' लागलेला नाही. तरी हे कर्मणीच ना? कारण 'मी पुस्तक आणलं' होतं." 'ने'वर भरवसा ठेवायचा नाही, कर्म बदलून बघायचं, हे तिचं तिनं शोधलं. मला केवढा आनंद झाला!

रात्री तिला 'तू कविता म्हटलीस' हे वाक्य दिलं. 'म्हटली' हे कवितेमुळे, शेवटचा 'स' हा 'तू'मुळे. एकच क्रियापद दोघांचं ऐकतंय. याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात, हे नाव आज सांगितलं नाही. ते नंतर सांगता येईल.

गुरुवार

शुद्धलेखनासाठी वेगळी पुस्तिका घ्यावी का, यावर फार वेळ घालवला नाही. घेणार नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम एकूण अठराच आहेत. त्यातले चौदा शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले आणि चार १९७२ मध्ये जोडले गेले. त्यांतले कितीतरी व्याकरण कळल्याशिवाय वापरताच येत नाहीत. 'फूल' पण 'फुलाला', 'वकील' पण 'वकिलाला', कारण सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं बदलणारं रूप, होताना उपान्त्य (शेवटून दुसरे) ई-ऊ ऱ्हस्व होतात. 'परीक्षा' मात्र 'परीक्षेला', कारण तो तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. ज्याला सामान्यरूप माहीत नाही, त्याला हा नियम सांगून उपयोग काय? त्यापेक्षा तिच्याच लिखाणातले चुकलेले शब्द घ्यायचे आणि नियमापर्यंत जायचं.

शुक्रवार

व्याकरणानं लेखन सुधारतं का, हा प्रश्न आठवडाभर डोक्यात आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले होते. त्यात नुसत्या पारंपरिक व्याकरणशिक्षणाचा लेखनावरचा परिणाम उणे निघाला, -०.३२ (शून्य म्हणजे काहीच फरक नाही). छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करायच्या सरावाचा मात्र +०.५०. हे इंग्रजी लेखनाबद्दलचं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत व्याकरणाचा गट फक्त तुलनेसाठी ठेवलेला होता, त्यामुळे उणे आकडा बघून व्याकरण सोडून द्यावं असं मला वाटत नाही. पण निवड करताना हा फरक डोळ्यांआड करता येणार नाही.

तिचा कालचा परिच्छेद समोर होता. 'आम्ही किल्ल्यावर पोचलो आणि मग पाऊस आला आणि मग पाऊस थांबला आणि मग आम्ही निघालो.' यात व्याकरणाची चूक एकही नाही, तरी वाक्य रेंगाळतं. म्हटलं, 'आणि मग' न वापरता लिही. तिनं लिहिलं, 'पाऊस थांबून आम्ही निघालो.' वाचून स्वतःच थबकली. "काहीतरी विचित्र वाटतंय." मी 'मी हात धुऊन जेवायला बसले' हे वाक्य शेजारी लिहिलं. हात धुणारी तीच आणि बसणारी तीच. पावसाचं तसं नाही. थांबला पाऊस, निघालो आम्ही. दोन क्रियांचे कर्ते वेगळे असले की 'ऊन' बहुतेक वेळा खटकतो. मग तिचं वाक्य झालं, 'पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो.' त्याच ओघात 'धुऊन' आणि 'जेवून' यांतला फरकही झाला: धातूच्या, म्हणजे क्रियापदाच्या मुळाच्या, शेवटी 'व' असेल तर 'वून', नाहीतर 'ऊन'.

इतक्या कमी वेळात धातुसाधित ('धुऊन'सारखे धातूपासून बनलेले शब्द), कर्ता आणि लेखननियम असं सगळं आलं, आणि तिचा परिच्छेद खरोखर सुधारला. हे काम मात्र तिन्हींपैकी एकाही पुस्तकात पुरेसं नाही.

रविवार

बाबांशी फोनवर बोलले. वाक्यपृथक्करण, म्हणजे वाक्याचे भाग वेगळे करून दाखवणं, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ते म्हणाले, "उतारे वगैरे ठीक आहे गं, पण नावं पक्की झाली पाहिजेत. उद्या ती परीक्षेला बसली तर पेपरात 'प्रयोग ओळखा' असंच विचारतील." मी म्हटलं, "बाबा, नावं मी टाळत नाहीये. फक्त आधी वाक्य, मग नाव, असा क्रम ठेवतेय." ते तयार झाले, पण एका अटीवर. दर रविवारी नातीनं फोनवर त्यांच्यासाठी एका वाक्याचं पृथक्करण करायचं. तिला ही अट फार आवडली.

तर ठरलं. मुख्य पुस्तक तिसरं. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी वीस मिनिटं. चौथ्या दिवशी पुस्तक बंद आणि तिच्याच लिखाणातली वाक्यं जोडणं-तोडणं. सलग पुस्तक कपाटात राहील, व्याख्या आणि संज्ञा बघायला, आणि आठवीच्या शेवटी सगळं एकदा क्रमानं वाचून काढायला. स्वाध्यायपुस्तिका परत करणार. तिची पानं झटपट भरतात आणि मूल शिकतंय असं समाधान मिळतं, पण लेकीचा एकही 'का' तिथं सुटत नाही.

माझ्यासाठी मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' काढून ठेवलंय. १९११ सालचा ग्रंथ, मुलांसाठी मुळीच नाही. पण घरी शिकवताना शेजारच्या वर्गातल्या बाईंना विचारून येते असं म्हणता येत नाही, आणि तिचे प्रश्न आता माझ्या शाळेतल्या व्याकरणापलीकडे जाताहेत.

वृत्तं आणि अलंकार पुढच्या वर्षावर. समास दिवाळीनंतर, कारण त्याआधी विभक्ती पक्की हवी. विभक्ती-तत्पुरुष समासाचा विग्रह, म्हणजे तो फोडून सांगणं, तिच्यावरच उभा असतो. उद्याच्या पाठासाठी वाक्य काढून ठेवलंय, 'शिपायाने चोराला पकडले'. इथं क्रियापद ना शिपायाचं ऐकतं, ना चोराचं. चोराच्या जागी 'चोरांना' घालून बघ, एवढंच तिला सांगणार आहे.