फ्यूज उडायचं कारण टीव्हीत नव्हतं

३२ इंची एलईडी टीव्ही दुकानात आला तेव्हा मागच्या कव्हरचे निम्मे स्क्रू गायब होते. स्क्रू नसले की समजायचं, सेट आधी कुणीतरी उघडलाय. येळ्ळूरहून मोटारसायकलवर, चादरीत गुंडाळून आणलेला. मागे धरून बसलेला पोरगा म्हणाला, "अण्णा, दोनदा करून आणलाय की ओ. थोडे दिवस चालतोय आणि परत गप्प."

"कधी गेला? रात्री का दिवसा?"

"सकाळी. दोन्ही टायमाला सकाळीच."

"पाऊस, वीज काही?"

"न्हाई ओ. चांगलं ऊन होतं की."

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मी हे विचारून घेतो. बेळगाव भागात एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला की विजेने मारलेले सेट येतात. डिशच्या केबलमधून झटका आत शिरतो आणि ट्यूनर नाहीतर एचडीएमआय पोर्ट घेऊन जातो. जून उलटला की खानापूर-जांबोटीकडचे सेट येतात, ते ओल खाल्लेले. कनेक्टर हिरवट पडलेले, बोर्डावर मुंग्यांची माती, कधी आत पालीची अंडी. इथे त्यातलं काहीच नव्हतं. कोरड्या उन्हात, सकाळच्याच वेळी, पॉवर सप्लायच जातोय. म्हणून आणखी एक विचारलं, घरात दुसरं काय काय गेलं? सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर गेला होता, एलईडी बल्ब टिकत नव्हते, आणि फ्रीज मधेच घुरघुरायचा. हे सगळं सेटला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं.

कव्हर काढलं. पहिली नजर फ्यूजवर. काच स्वच्छ असून आतली तार नुसती मधे तुटलेली असेल तर कधी कधी फ्यूज थकून गेलेला असतो. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर पुढे थेट शॉर्ट आहे. इथे काच काळीकुट्ट. फ्यूजच्या शेजारी व्हॅरिस्टरची जागा असते. निळी, गोल चकती. व्होल्टेज हाताबाहेर गेलं की ही स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडवते आणि मागच्या बोर्डाला वाचवते. त्या जागी नुसती दोन भोकं होती. आधी काम केलेल्याने फुटलेला व्हॅरिस्टर काढला आणि नवीन घातलाच नाही. त्याच्याशिवाय टीव्ही चालतो, हे खरंय. गिऱ्हाइकाला कळतही नाही. पण पुढच्या वेळी जादा व्होल्टेज आलं की अडवायला कुणी राहत नाही. दहा-पंधरा रुपयांच्या वस्तूसाठी केलेली असली कामं बघितली की माझं डोकं फिरतं.

चार्ज साठवणारा मेन कपॅसिटर ४०० व्होल्टपर्यंत झेपणारा, ६८ मायक्रोफॅरडचा. त्याची टोपी फुगून वर आलेली. मॉसफेट, म्हणजे सप्लायमधला करंट भराभर चालू-बंद करणारा स्विच, शॉर्ट असेल तर कपॅसिटरमध्ये बहुतेक वेळा चार्ज उरत नाही, तरी मीटर लावून बघितल्याशिवाय मी तिथे बोट नेत नाही. चार्ज असलाच तर १० वॅटचा रेझिस्टर लावून उतरवायचा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे बघितलेत मी. ट्रॅकही जळतो आणि माणूसही दचकून सेट पाडतो.

मग मीटर डायोड तपासायच्या रेंजवर. एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिजच्या चार डायोडपैकी दोन शॉर्ट. मॉसफेटच्या ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमध्ये शून्य, म्हणजे तोही शॉर्ट. इथे घाई करणाऱ्याचे पैसे दुसऱ्यांदा जातात. मॉसफेट शॉर्ट होताना एकटा जात नाही. त्याच्या सोर्सला एक अर्ध्या ओहमच्या आतला रेझिस्टर असतो तो ओपन होतो, गेटचा, म्हणजे त्याला चालवणाऱ्या पायाचा, रेझिस्टर जळतो आणि बऱ्याच वेळा ज्याच्याकडून गेटला पल्स येतात त्या पॉवर आयसीलाही धक्का बसलेला असतो. नुसता मॉसफेट बदलून करंट दिला की 'फट्' आणि पहिल्यापासून सुरुवात. मी ही सगळी साखळीच बदलतो. आउटपुट किती आहे ते उजेडाने मागे कळवणारा फीडबॅकचा ऑप्टोकपलर पीसी ८१७ चांगला निघाला, तो ठेवला.

बाकीचे पार्ट गावातच मिळाले. आयसी मिळाला नाही. अशा वेळी सीमेवर राहायचा एक फायदा होतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत फोन लावायचा, नाही म्हणाले तर बंगळूरच्या एसपी रोडला. दोन्हीकडून पार्सल रात्रीच्या गाडीत बसतं आणि सकाळी बेळगावात उतरतं. हा पुण्याहून आला.

पार्ट बसवून झाले तरी लाइन थेट द्यायची नाही. टेबलावर माझी सिरीज कायमची जोडलेली आहे, फेजमध्ये १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब. सेटमध्ये अजून कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पार्ट वाचतात. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो, कारण कपॅसिटर भरेपर्यंतच काय तो करंट लागतो. एलईडी बल्ब या कामाचा नाही. तारेचे बल्ब हल्ली दुकानदार माळ्यावरून शोधून देतात, म्हणून मी दिसले की घेऊन ठेवतो. बायको विचारते, याचं काय लोणचं घालायचंय?

बल्ब उजळला, मंद झाला. मेन कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी. हे बरोबर. आपल्याकडची २३० व्होल्टची लाइन ब्रिजमधून गेली की कपॅसिटर तिच्या लाटेच्या शिखराएवढा भरतो आणि ३२५ होतात. पुढे १२ व्होल्ट आले, लाल दिवा लागला, बॅकलाइट पेटला, चित्र आलं. सेट दिवसभर चालू ठेवला. हात लावून बघितला, कुठे तापत नव्हता.

पण माझ्या दुकानात तो चालणारच होता. आधीच्या माणसाच्या दुकानातही चालला असणार, म्हणून तर त्याने दिला. चिठ्ठीवर लिहिलेलं मला सोडेना. पोराला फोन करून सांगितलं, सेट न्यायला येऊ नको, मीच घेऊन येतो.

घर जुनं, लांबच्या लांब. पुढच्या खोलीत एके काळी पिठाची गिरणी होती. गिरणी कधीच बंद पडली, तिच्यासाठी घेतलेली तीन फेजची जोडणी तशीच राहिली. घरातलं वायरिंग नंतर वाटून टाकलेलं. पुढचा सोपा आणि टीव्ही एका फेजवर, स्वयंपाकघर दुसऱ्या, न्हाणीघर तिसऱ्या. मी टीव्हीच्या सॉकेटमध्ये मीटर लावला. २३४. उत्तम.

आज्जी दारात उभी राहून बघत होती. तिला विचारलं, "आज्जी, सकाळी घरात काय काय चालू असतंय?"

"काय नसतंय ते विचार. पोरं शाळेला, पोरगा कामाला. गिझर, इस्त्री, मिक्सर, सगळं एकदमच."

"जरा गिझर लावायला सांगा बघू."

गिझर लागला आणि मीटरचा आकडा हलायला लागला. २४८. २६०. एकदम २८५, परत २५५. एका जागी थांबेचना. टीव्हीचा प्लग मी आधीच काढून ठेवला होता. न्हाणीघराच्या फेजवर बघितलं तर तिथे २०० च्या खाली, मधेच १४० पर्यंत घसरत होतं. एकीकडे चढतंय, दुसरीकडे उतरतंय, म्हणजे न्यूट्रल सैल. गिझर लगेच बंद करायला लावला.

तेवढ्यात आज्जी म्हणाली, "हे रोजचंच आहे की. गिझर लावलं की देवघरातला झिरोचा बल्ब चांगला उजेड देतोय. मला बरंच वाटायचं."

तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची मिळून परतीची तार, हा खुंटा. तो घट्ट आहे तोवर प्रत्येक फेज आपल्या २३० वर राहते. खुंटा ढिला झाला की जिकडे ओढ जास्त तिकडे सगळं सरकतं. गिझरच्या फेजवर लोड मोठा, म्हणून तिथलं व्होल्टेज पडतं आणि हलक्या लोडच्या फेजवर ते चढतं. न्यूट्रल पूर्ण तुटला तर हलक्या फेजवर ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, कारण दोन फेजमधलं अंतरच तेवढं. आता टीव्हीचं गणित करा. २८५ एसीचं शिखर ४०० च्या वर जातं, आणि कपॅसिटर ४०० चाच. ३२० चा एखादा झटका आला तर शिखर ४५० पार, तिथे व्हॅरिस्टरसुद्धा फार वेळ तग धरत नाही. रोज सकाळी अंघोळीच्या वेळेला हा मार बसत होता. टीव्ही अर्धा पाऊण महिना टिकायचा हेच नवल.

दोष गल्लीच्या लाइनमध्ये आहे का घरात, हे बघायला शेजारच्या घरात मीटर लावून परत थोडा वेळ गिझर चालू केला. शेजारी २३० च, जागचं हलत नाही. म्हणजे यांच्याच घरात. गिरणीच्या खोलीतल्या मेन स्विचपाशी गेलो तर झाकण गरम, जळल्या बेकेलाइटचा वास, कान दिला तर आत चुरचुर. आता टीव्ही राहू दे, हे आगीचं काम होतं.

मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला करंट असतोच. शिवाय मी टीव्हीवाला. वायरिंगचं काम वायरमनचं, आणि खांबावरून लाइन सोडवायची ती लाइनमननेच. वीज कंपनीच्या १९१२ या नंबरावर तक्रार नोंदवताना आर.आर. नंबर, म्हणजे जोडणीचा नंबर, मागतात. बिल कन्नडात. त्यात आर.आर. नंबर कुठला ते धाकट्या नातवाने बोट ठेवून दाखवलं. दुपारी लाइनमन आला, खांबावरचे फ्यूज काढले, झाकण उघडून एकदाच बघितलं आणि म्हणाला, "न्यूट्रल लूज ऐत्रि." पुढे माझ्याकडे बघून मराठीत, "किती वर्सं झाली हो ह्याला हात लावून?"

अॅल्युमिनियमची जुनी तार, न्यूट्रल जोडायच्या पितळी लिंकमध्ये नुसती पिळून घुसवलेली. वर पांढरी भुकटी, स्क्रू तपकिरी, एका बाजूने तार अर्धी खाल्लेली. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, तो करंट नीट जाऊ देत नाही, सांधा तापतो, तापून सैल होतो आणि सैल झाल्यामुळे अजून तापतो. गावातल्या वायरमनने जळका भाग कापून टाकला, तार तासून टोकाला धातूचा लग दाबून बसवला, लिंक नवी घातली. आणि जाग्यावर होताच म्हणून बाकीचेही स्क्रू आवळून घेतले.

लाइन आल्यावर मी गिझर, इस्त्री, मिक्सर सगळं एकदम लावायला सांगितलं. तिन्ही फेज २२८ ते २३२ च्या मधे. मग टीव्हीचा प्लग घातला.

मोठा मुलगा म्हणाला, स्टॅबिलायझर लावू का? हा प्रश्न रोजचा. चांगल्या लाइनवर आजच्या टीव्हीला स्टॅबिलायझरची गरज नसते, त्याचा सप्लाय १०० ते २४० पर्यंत आपलं आपण निभावतो. बिघडलेल्या न्यूट्रलवर साधा स्टॅबिलायझर तर स्वतःच जातो. त्यापेक्षा व्होल्टेज चढलं की लाइन तोडणारा कट-ऑफ मेन बोर्डात बसवून घ्या म्हटलं. आणि वळवात ढग गडगडले की प्लगबरोबर डिशची केबलही काढायची. ती कुणी काढत नाही, मला माहीत आहे.

पैशाचं बोलणं चहावर झालं. पार्टचे, मजुरीचे लगेच मान्य. येण्याजाण्याचे म्हटल्यावर मुलगा जरा घुटमळला. लोकांना बदललेला पार्ट हातात दिसला की पैसे द्यायला काही वाटत नाही, शोधून काढायचे पैसे मात्र जड जातात. मी जळकी लिंक कागदात बांधून त्याच्या हातात दिली. दिले मग.

निघताना आज्जीने देवघरात बोलावलं. "अरे, ह्यो बल्ब आता बारीक पेटतोय. जाता जाता बघ की जरा." आता तो बरोबर पेटतोय म्हणून सांगितलं. तिला काही पटलं नाही.