प्रवास आणि पाणी

नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघणाऱ्या माझ्या मैत्रिणी सकाळपासून पाणी टाळतात आणि घरातून निघताना गरज नसली तरी दोनदा ‘जाऊन येतात’. दोन्ही सवयी मला चुकीच्या वाटतात. पाणी कमी पडले की लघवी दाट होऊन मूत्राशयाची चुरचुर वाढू शकते, आणि उगाच वारंवार गेल्याने ते थोड्या लघवीलाही घाई करू लागते. दिवसा ३ ते ४ तासांचे अंतर साधारणपणे योग्य असते.

सार्वजनिक स्वच्छतागृहात कमोडला न टेकता अधांतरी राहिल्यास ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नीट सैलावत नाहीत (तिथल्या अस्वच्छतेपुढे इलाज नसतो, हेही खरेच). एरवी हेच स्नायू बळकट राहावेत म्हणून ते वायू रोखल्यासारखे आत ओढून, श्वास न कोंडता, काही सेकंद धरावेत आणि मग पूर्ण सैल सोडावेत. लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये.