चार तासांची सुट्टी आणि विलेमस्टाड

आज क्युरासाओ या कॅरिबियन बेटावर चार तासांची शोअर लीव्ह, म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर उतरायची सुट्टी, मिळाली. सगळे सिमकार्ड आणि बर्गरच्या मागे धावले, मी इथल्या राजधानीच्या, विलेमस्टाडच्या गल्ल्यांत शिरलो.

शहराच्या पुंडा भागातून ओत्रोबांदा भागाला जायला तरंगता पूल आहे, १८८८ चा. ओत्रोबांदा म्हणजे पलीकडची बाजू, आपलं पैलतीरच! मी मध्यावर असतानाच घंटा वाजली आणि पूल माझ्यासकट बाजूला सरकायला लागला. तोही जहाजासाठीच. पूर्वी टोल होता म्हणे, पण अनवाणी माणसाला माफ. मग लोक चपला काखोटीला मारून यायचे.

धक्क्यावरच्या पिवळ्या, निळ्या डच घरांचे फोटो सगळेच काढतात. माझा जीव अडकला मागच्या गल्लीतल्या एका भिंतीत. रंग ताजा, पण खालून पोपडे सुटलेले. इथली जुनी घरं प्रवाळाच्या दगडाची, त्यातलं मीठ ओल आली की वर येतं. देवगडला आमच्या पडवीची भिंत दर पावसाळ्यानंतर अशीच फुगते. आई खरवडून परत चुना मारते. इथेही तेच, कितीही रंगवा. १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत शहराचं नाव गेलं, तरी मिठाला त्याचं काय!

१९६९ च्या मे महिन्यात कामगारांच्या उठावात यातलं बरंच जळालं होतं. काही घरं पुन्हा उभी राहिली, काही जागा अजून रिकाम्या वाटल्या.

पोपड्याचा एक तुकडा खिशात आलाय. आईला दाखवणार आहे.