काचेला चिकटलेली लक्ष्मी

श्रावणातल्या एका दुपारी पावसाने उघडीप दिली म्हणून गुहागरच्या घरातल्या ओटीवरच्या तसबिरी उन्हात मांडल्या, तेव्हा लक्ष्मी आणि तिच्यावरची काच एकमेकींपासून सुटेनात. तसबीर आजीच्या माहेरची. 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यातली, असे ती सांगे. कित्येक पावसाळ्यांची ओल मागच्या पुठ्ठ्यातून आत मुरली होती आणि कागद काचेला असा बिलगला होता की, सुरीच्या टोकाने काच हलकेच उचलताना देवीच्या उजव्या गालाचा नाण्याएवढा टवका काचेबरोबरच निघून आला.

दिवाळीआधी आजी ही काच ओल्या फडक्याने पुसायची आणि मी जवळ गेले की म्हणायची, "अगो, बोटे लावू नको, डाग उठतात." मी देवीकडे कमी आणि काचेत दिसणाऱ्या माझ्या वेणीकडे जास्त पाहत असे. काच आहे तोवर देवीला भय नाही, हे मात्र दोघींनीही धरून चालले होते.

कागदावरच्या चित्राभोवती संग्रहालयात जाड पुठ्ठ्याची पांढरी पट्टी असते, ती काच चित्राला टेकू नये म्हणून; इतकी वर्षे मला ती शोभेची वाटत होती. लूव्रमधली मोनालिसा तर पॉप्लरच्या फळीवर रंगवलेली आहे, आणि लाकूड ओल पिऊन कसे फुगते, हे पावसाळ्यात माजघराचे दार खांद्याने ढकलणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणून तिची हवासुद्धा राखलेली असते. 2024 साली तिच्यावर सूप फेकले गेले, ते जाड काचेवरून ओघळले; पण 1956 साली कोणी धोंडा मारला, तेव्हा काच फुटून तिच्या डाव्या कोपराजवळचा रंग उडालाच. 1911 साली तिला पळवणारा पेरुजा तर त्याच संग्रहालयात चित्रांना काचा बसवण्याच्या कामावर राबलेला होता. कुंपणानेच शेत खाल्ले, दुसरे काय!

फ्रेमवाल्याने नवी काच घातली, मध्ये पुठ्ठ्याची पट्टीही बसवली. जुनी काच मात्र त्याला देववली नाही, कारण गाल तिच्यावर आहे. ती सध्या माळ्यावर आहे. दिवाळीत पुसायची की नाही, ते अजून ठरलेले नाही.